पोरगं बापावर गेलंय म्हणून सोडून द्यायचं नसतं: लहान मुलांचा सेल्फ कंट्रोल, जीन्स आणि आपण

सगळ्यात आधी मुलाचं वय बघा. दीड वर्षाचं पोर दहा वेळा "नाही" ऐकून अकराव्यांदा प्लगकडे जातं यात उद्धटपणा वगैरे काही नसतो, त्याला तुमचं "नाही" कळतंय पण हात आवरणारी यंत्रणा डोक्यात अजून नीट बसलेलीच नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात तो, लहानपणी हळूहळू कामाला लागतो आणि त्याची वाढ पूर्ण व्हायला पंचविशी उजाडते. अमेरिकेत झीरो टू थ्री नावाच्या संस्थेने 2016 मध्ये आईबापांचा सर्व्हे केला होता, त्यात निम्म्याहून जास्त जणांना वाटत होतं की तीन वर्षांच्या आतलं मूल मोह आवरू शकतं. प्रत्यक्षात ही गोष्ट साडेतीन-चारच्या आसपास कुठे जमायला लागते, आणि तीही रोज नाही, झोप झालेली असेल, पोट भरलेलं असेल आणि घरात बरं वातावरण असेल तर. म्हणजे दोन वर्षाच्या मुलावर "तुला जरा पण धीर नाही" म्हणून ओरडणं म्हणजे ज्याला दात आले नाहीत त्याला चावून खा म्हणण्यासारखं आहे.

आता सेल्फ कंट्रोल म्हणजे नेमकं काय ते पण सांगून टाकते, कारण बरेच लोक "शांत बसणारं मूल" असा अर्थ घेतात. रिसर्चवाले हे मोजताना मुलांना एकदम साधी कामं देतात, खाऊ समोर ठेवून घंटी वाजेपर्यंत थांब, गिफ्ट बांधत असताना वळून बघू नकोस, रेषेवरून एकदम हळू चाल, नावं कुजबुजत सांग, ठोकळ्यांचा मनोरा करताना एक तू लाव एक मी लावते. थोडक्यात, जे करावंसं वाटतंय ते थांबवून दुसरं काहीतरी करता येणं. मूल मुळात बुजरं असेल म्हणून गप्प बसलंय तर तो सेल्फ कंट्रोल नाही, आणि उड्या मारणारं मूल आपली पाळी येईपर्यंत थांबतंय तर तो आहे.

हे महत्त्वाचं का, तर न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेली हजारेक मुलं संशोधकांनी पुढे वर्षानुवर्षं फॉलो केली, आणि लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त होता त्यांची वयाच्या 32 व्या वर्षी तब्येत, पैशाची घडी, कायद्याशी संबंध हे सगळंच सरासरीने बरं निघालं, अगदी बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती बाजूला काढूनही. सरासरीने म्हणतेय हं, कुणाच्या एका मुलाचं भविष्य यातून काढू नका.

बरं मग हे रक्तातून येतं का?

येतं, बऱ्यापैकी येतं. जुळ्या मुलांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून 2019 मध्ये एक मोठा आढावा आला, त्यात माणसामाणसात सेल्फ कंट्रोलचा जो फरक दिसतो त्यातला साधारण 60 टक्के फरक जीन्समुळे, म्हणजे आईबापांकडून आलेल्या जनुकांमुळे असतो असं निघालं. हा आकडा ऐकला की घरात लगेच "स्वभावाला औषध नाही" सुरू होतं, पण 60 टक्क्यांचा अर्थ तसा नाहीये. तो आकडा लोकांच्या गटातल्या फरकाबद्दल आहे, तुमच्या मुलाच्या 60 टक्के वागणुकीवर जीन्सचा शिक्का मारलाय असं अजिबात नाही. आणि दुसरं म्हणजे जीन आणि घर ही दोन वेगळी खाती नाहीत की याचं एवढं त्याचं तेवढं, ती एकमेकांच्या आत घुसलेली असतात, खरी गंमत तिथेच आहे.

उदाहरणार्थ आयोवा युनिव्हर्सिटीतल्या ग्राझिना कोहान्स्का आणि त्यांच्या टीमने 2009 मध्ये 89 मुलांवरचा एक अभ्यास छापला. मेंदूत सेरोटोनिन नावाच्या रसायनाची ने-आण करणारा जो जीन आहे त्याचे दोन प्रकार असतात, एक आखूड आणि एक लांब. मुलं 15 महिन्यांची असताना आईशी त्यांचं नातं किती भरवशाचं आहे ते बघितलं, म्हणजे घाबरलं की मूल आईकडे येतं का आणि आल्यावर शांत होतं का, आणि मग साधारण दोन, तीन आणि सव्वाचार वर्षांच्या वयात ती वर सांगितली तसली कामं दिली. आखूड प्रकार असलेल्या मुलांत नातं डळमळीत असेल तर सेल्फ कंट्रोल कमी निघाला, पण नातं पक्कं असेल तर तीच आखूड जीनवाली मुलं बाकीच्यांच्या बरोबरीने आली. आणि ज्यांच्याकडे आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही लांब आले होते त्यांच्यात नात्याचा तसा फरकच दिसला नाही.

हे वाचून लगेच जीन टेस्ट करायला पळू नका. 89 मुलं म्हणजे लहान अभ्यास आहे, आणि एकच जीन पकडून स्वभाव समजावण्याची जी लाट 2000 नंतर आली होती तिच्यावर पुढे बरंच पाणी पडलं, 2019 मध्ये डिप्रेशनसाठी गाजलेले 18 जीन (त्यात हा सेरोटोनिनवाला पण होता) प्रचंड मोठ्या डेटावर तपासले तर योगायोगाने कुठलेही जीन उचलले असते त्यापेक्षा ते काही वेगळे निघाले नाहीत. आता सर्वसाधारण समजूत अशी आहे की असल्या गुणांमागे हजारो छोटे छोटे जेनेटिक फरक असतात आणि एकेकाचा वाटा चिमूटभर असतो. त्यामुळे कुणी थुंकीचा नमुना घेऊन "तुमच्या मुलाचा सेल्फ कंट्रोल रिपोर्ट" विकत असेल तर ते पैसे वाचवा.

पण त्यामागची कल्पना कामाची आहे आणि तिला थोडा वेगळ्या बाजूनेही आधार मिळालाय. नेदरलँड्समधल्या लायडनला एक ते तीन वर्षांच्या, खूप आदळआपट करणाऱ्या मुलांच्या 157 कुटुंबांवर प्रयोग झाला, 2008 मध्ये त्याचा एक निकाल छापून आला. काही आयांना घरी जाऊन, त्यांचंच मुलाबरोबरचं व्हिडिओ शूटिंग त्यांना दाखवून, कुठे मुलाचा इशारा सुटला, कुठे छान जमलं, न मारता-ओरडता शिस्त कशी लावायची हे शिकवलं. डोपामीन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जीनचा विशिष्ट प्रकार ज्या मुलांत होता, म्हणजे ज्याला तोपर्यंत "धोक्याचा" समजायचे, त्याच मुलांची आदळआपट सगळ्यात जास्त कमी झाली. म्हणजे ज्याला वाईट वागणुकीचा त्रास जास्त त्यालाच चांगल्या वागणुकीचा फायदा पण जास्त. इथेही तोच सावधपणा ठेवायचा, एक जीन म्हणजे शेवटचा शब्द नाही, पण आईबाप म्हणून मी यातून एवढं घेते की जे मूल जड जातंय त्याच्या बाबतीत आपलं वागणं कमी नाही, जास्त मोजलं जातंय. आणि आपण नेमकं उलटं करतो, शांत पोराशी गोड वागतो आणि तापट पोराला सोडून देतो नाहीतर झोडतो.

आपलेच जीन आपल्यालाच अडकवतात ते असं

तापट मूल जन्मल्यापासून जास्त रडतं, कमी झोपतं, त्यामुळे आईबाप दमतात, दमले की चिडतात, चिडले की मूल अजून बिथरतं. म्हणजे मुलाच्या जीन्सनीच तुमच्याकडून ते ओरडणं बाहेर काढलं असं म्हणा ना. शिवाय ते जीन आले कुठून, तर तुमच्याकडूनच, म्हणजे ज्या पोराला शांत आईबाप हवेत त्याच्याच घरी तापट आईबाप असण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत ओरेगनमधल्या जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी हे चक्र घराघरात बसून नोंदवलं होतं, तुम्ही काहीतरी सांगता, मूल किंचाळतं, तुम्ही माघार घेता, मूल शिकतं की किंचाळलं की सुटका होते, मग पुढच्या वेळी तुम्ही अजून मोठ्याने ओरडता, मूल ऐकतं, आणि तुम्ही शिकता की ओरडलं की काम होतं. दोघांनाही बक्षीस मिळतंय म्हणून दोघंही तेच करत राहतात. चक्र तोडायचं काम मोठ्या माणसाचं, कारण प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पूर्ण झालेला घरात तोच एक आहे (निदान कागदोपत्री).

मग करायचं काय

पहिलं काम, आपलं मूल कसं आहे ते लिहून काढा, "हट्टी" "चिडका" असले शब्द न वापरता. नव्या माणसाजवळ जायला किती वेळ लागतो, आवाज, टोचरे कपडे, गर्दी याचा त्रास होतो का, एकदा बिनसलं की परत जागेवर यायला किती वेळ लागतो, हातातलं काम सोडवलं तर काय होतं, झोप-भूक घड्याळासारखी आहे की रोज वेगळी. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या डॉक्टर जोडप्याने 1956 पासून मुलांचा अभ्यास केला त्यातून हेच पुढे आलं की स्वभाव चांगला-वाईट असा नसतो, स्वभाव आणि घराची अपेक्षा जुळते का यावर बरंच ठरतं. जागेवर यायला अर्धा तास लागणाऱ्या मुलाला "पाच मोजेपर्यंत गप्प हो" म्हणून काही होणार नाही, त्याला अर्ध्या तासाची सोय लागते, आणि ती आधीच करून ठेवावी लागते.

बाळ वर्षाच्या आत असेल तर सेल्फ कंट्रोल शिकवायचा विषयच डोक्यातून काढा. या वयात रडलं की उचलायचं, बस. "उचलून उचलून सवय लागेल" हा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील, पण बाळाला स्वतःहून शांत होता येत नाही, ते तुमच्या अंगावर शांत होतं, आणि हे हजार वेळा घडल्यावर त्याच्या शरीराला ती वाट माहीत होते. प्रत्येक वेळी बरोबरच ओळखता आलं पाहिजे असंही नाही, भूक लागलीय समजून दूध पाजायला घेतलं आणि त्याला झोप आलेली निघाली, चालतं, चुकल्यावर दुरुस्त करता हे जास्त कामाचं.

वर्ष-दीड वर्षानंतर दोन गोष्टी बदलतात, मूल पळायला लागतं आणि तुमचं "नाही" सुरू होतं. इथे माझा सरळ सल्ला, नाही कमी करा आणि खोली बदला. फोडायच्या वस्तू वर, खालचा कप्पा त्याचा, प्लगला झाकण. मोह समोर ठेवून "हात लावू नकोस" म्हणणं म्हणजे न झालेल्या अवयवाची परीक्षा घेणं, मोठ्यांना तरी फोन समोर असताना कुठे जमतं. जे तीन-चार नाही खरंच गरजेचे आहेत (रस्ता, आग, दुसऱ्याला मारणं) ते मात्र रोज तेच, त्याच आवाजात, बाबा म्हणाले तरी तेच आणि आजी म्हणाली तरी तेच.

याच वयात मुलाला कामात किती आणि कशी मदत करता याला फार किंमत आहे. माँट्रियलमध्ये 2010 साली छापलेल्या अभ्यासात 15 महिन्यांच्या मुलांबरोबर आया कोडं सोडवताना कशा वागतात ते बघितलं होतं, ज्या आया स्वतः तुकडा लावून मोकळ्या व्हायच्या नाहीत, अडलं तेव्हाच इशारा द्यायच्या, मुलाचा वेग सांभाळायच्या, त्यांच्या मुलांची पुढे वर्षभरात स्वतःला आवरायची आणि लक्ष धरून ठेवायची क्षमता चांगली निघाली. करायचं कसं, तर बूट घालताना हात मागे बांधल्यासारखे ठेवा, उलटा घातला तर "टाच कुठे गेली?" एवढंच विचारा, आणि निघायची वेळ दहा मिनिटं अलीकडे आणा कारण घाई असली की हे जमत नाही म्हणजे नाहीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, ते म्हणजे शब्द पाळणं. तुम्ही तो मार्शमेलोचा (एक मऊ गोड खाऊ) प्रयोग ऐकला असेल, मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या नर्सरी शाळेत केलेला, एक आत्ता घे किंवा थांबलास तर दोन मिळतील. 2013 मध्ये रॉचेस्टर युनिव्हर्सिटीत त्याच्या आधी एक पायरी जोडली. 28 मुलं होती. अर्ध्यांना सांगितलं की थांबा, चित्रं काढायला छान सामान आणते, आणि खरंच आणलं, उरलेल्या अर्ध्यांना तेच सांगून परत येऊन म्हणाले सॉरी, नाहीये. मग मार्शमेलो ठेवला. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती सरासरी 12 मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं होतं ती 3 मिनिटं. जीन तेच, मेंदू तोच, समोरचं माणूस भरवशाचं आहे का एवढाच फरक. फसवलेली मुलं बेशिस्त नव्हती हो, हिशेबात बरोबर होती, जे मिळणारच नाही त्याच्यासाठी कोण थांबेल.

त्यामुळे "उद्या नेते" म्हणून वेळ मारून नेऊ नका, न्यायचं नसेल तर आत्ताच नाही म्हणा आणि रडू दे. "हे काम झालं की खेळूया" म्हटलं की काम झाल्यावर फोन हातात न घेता खेळायचं, पाच मिनिटं का होईना. सुरुवातीला इतकं छोटं वचन द्या की पाळणं सोपं जाईल, दोन वर्षाच्या मुलाला अर्ध्या मिनिटाची वाट बघायला लावा आणि तिसाव्या सेकंदाला हजर व्हा, मग मिनिट, मग दोन. आणि धमकीसुद्धा वचनच असते, "परत कधीच बाहेर नेणार नाही" हे तुम्ही पाळणार नाही हे त्याला तुमच्या आधी माहीत असतं.

वाट बघायच्या युक्त्या मात्र खरंच शिकवता येतात. मिशेल यांच्याच प्रयोगांत खाऊ झाकून ठेवला की मुलं जास्त वेळ थांबायची, आणि दुसऱ्या मजेशीर गोष्टीचा विचार कर म्हटलं तरी थांबायची. म्हणजे "मनाला आवर" असं सांगण्यापेक्षा "डब्यात ठेवूया, तोवर गाणं म्हणूया" हे कामाचं. चार-सहा वर्षांच्या मुलांवर 2017 मध्ये एक प्रयोग झाला, कंटाळवाणं काम करताना बाजूला गेम ठेवलेला होता, ज्यांना आवडत्या हिरोचं सोंग घ्यायला सांगितलं ती कामाला जास्त वेळ चिकटली. सोंग घेतलं की मूल स्वतःपासून जरा लांब उभं राहतं बहुतेक. स्टॅच्यू, संगीत खुर्ची, उलटं-पालटं म्हणायचे खेळ यात थांबणं आणि बदलणं आपोआप येतं, आणि खेळताना मूल स्वतःशीच बडबडत असेल, "आता हे, मग ते, हळू हळू", तर गप्प बस म्हणू नका, रशियन मानसशास्त्रज्ञ विगॉत्स्की यांचं म्हणणंच होतं की तुमच्या सूचना आधी मुलाच्या तोंडात येतात आणि मग आत जातात. त्यामुळे तुमच्या सूचना कशा आहेत ते त्या बडबडीतून फुकट ऐकायला मिळतं, बऱ्याचदा ऐकून लाज वाटते तो भाग वेगळा.

टँट्रम, म्हणजे रडून-लोळून थयथयाट, चालू असताना शिकवणं बंद. तेव्हा डोकं ऐकायच्या अवस्थेत नसतं. जवळ बसा, आवाज खाली, वाक्य एकच, "राग आलाय, मी इथे आहे, मारायचं नाही." तुमची मागणी रास्त होती तर ती तशीच ठेवा, रडं थांबावं म्हणून चॉकलेट किंवा मोबाईल देऊ नका, नाहीतर पॅटरसनचं चक्र सुरू. काही मुलांना जवळ घेतलेलं चालतं, काहींना तेव्हा स्पर्शच नको असतो, ते तुमच्या त्या लिहून काढलेल्या यादीत असेल. बोलायचं नंतर, झोपताना, आणि दोन वाक्यांत.

आणि तुमचा तोल गेला तर? जाईलच. तेव्हा खोलीबाहेर जाऊन या (मूल सुरक्षित जागी ठेवून), आणि परत आल्यावर सांगा की "मी ओरडले, ते चुकलं, आता परत सांगते." माफी मागितल्याने वचक जातो असं म्हणणारे असतात, मला तरी वाटतं बिघडलेलं परत जुळवता येतं हे मुलाने बघायला हवं.

झोपेबद्दल थोडक्यात, दिवसाची डुलकी धरून 1-2 वर्षांना 11 ते 14 तास, 3-5 वर्षांना 10 ते 13 तास. वर लिहिलेलं सगळं करूनही फरक पडत नसेल तर आधी हे तास मोजा, अर्धे प्रश्न इथेच सापडतात.

घरी मार्शमेलो टेस्ट घेऊन व्हिडिओ काढायची फॅशन आहे ती सोडा. मिशेल यांच्या मुलांत जास्त थांबणाऱ्यांचं पुढे बरं चाललेलं दिसलं होतं, पण 2018 मध्ये 900 हून जास्त मुलांवर तो प्रयोग परत तपासला तेव्हा थांबण्याचा पुढच्या यशाशी संबंध मूळच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गेला. एका संध्याकाळी एका मिनिटात पोराने बिस्किट खाल्लं यावरून तुम्हाला काहीही कळत नाही, भूक लागली होती एवढं कळतं.

दोन भावंडांना एकच नियम पण वेगळी मदत, यावर "पक्षपात" म्हणून भांडणं होतात, होऊ द्या. एकाला एकदा सांगून पुरतं, दुसऱ्याला आधी सूचना, मग आठवण, मग हात धरून न्यावं लागतं, नियम "आता टीव्ही बंद" हाच.

डॉक्टरकडे कधी जायचं, तर मूल बोलायला खूप उशीर करतंय, हाकेला वळत नाही (आधी कान तपासा, ऐकू न येणाऱ्या मुलाला लोक हट्टी म्हणतात), रात्री घोरतं आणि दिवसभर चिडचिडं असतं, स्वतःला किंवा दुसऱ्याला रोज इजा करतंय, किंवा घरी, शाळेत, पाहुण्यांकडे सगळीकडे सारखंच आवरत नाहीये. एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) भीती वाटून लोक जायचंच टाळतात. एडीएचडीत जीन्सचा वाटा साधारण 75 टक्के म्हणजे सेल्फ कंट्रोलपेक्षाही जास्त धरतात, आणि तरी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची गाइडलाइन चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपाय म्हणून गोळी नाही तर आईबापांचं ट्रेनिंग सांगते. जाताना आठवडाभराची नोंद घेऊन जा, किती वाजता बिनसलं, त्याआधी काय झालं होतं, तुम्ही काय केलंत, शांत व्हायला किती वेळ लागला. "खूप त्रास देतो हो" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.